वैद्यबुवांचा एकच प्रश्न

सिंगापूरला, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो. मी, माझा नवरा आणि अडीच-तीनशे वर्षांपूर्वी वारलेला एक युरोपियन डॉक्टर. मुलीला नोकरी लागल्यावर ती बुकित बातोकला मैत्रिणींबरोबर राहायला गेली आणि तिची खोली डॉक्टरांना मिळाली. तिथे आता त्यांची पुस्तकं असतात, त्यांच्या डोंगराळ मुलखाचे नकाशे असतात आणि भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या असतात. मुलगी सणावाराला आली की हॉलमध्ये गादी टाकून झोपते. "डेड अंकलला माझी रूम, मला फ्लोअर. नॉट फेअर, लाह," म्हणते आणि खुशाल घोरते.

नवरा बँकेतून जरा लवकरच निवृत्त झाला. आमच्या ओळखीतल्या निवृत्त पुरुषांनी एकेक खूळ आधीच धरलेलं होतं. कुणी मॅरेथॉन पळायला लागलं, कुणी दारापुढच्या कुंडीत कढीपत्ता लावून त्याचे रोज फोटो पाठवायला लागलं, एकानं तर साठीत बासरी हातात घेतली आणि अजून खाली ठेवलेली नाही. माझ्या नवऱ्यानं चरित्र लिहायला घेतलं. स्वतःचं घेतलं असतं तर दोन महिन्यांत आटपलं असतं. पण नाही, याला पाहिजे होता तो डॉक्टर, ज्यानं अन्नाच्या उणिवेतून होणारा एक रोग फार पूर्वी नीट पाहून लिहून ठेवला. मी त्यांना वैद्यबुवा म्हणते. त्यांचं खरं नाव आमच्या घरात इतक्यांदा घेतलं गेलंय की ते कागदावर लिहायची मला आता इच्छा नाही.

वैद्यबुवांची गोष्ट तशी चार वाक्यांची. त्यांच्या मुलखात गरीब शेतकरी मका खाऊन राहायचे. त्यांच्या हातापायांची कातडी लाल होऊन खरबरीत व्हायची, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उठायचा, पुढे डोकंही फिरायचं. बाकीचे लोक हवा, पाप, नशीब असं काहीबाही बोलत होते, आणि वैद्यबुवांनी विचारलं, "तुम्ही काय खाता?" बस्स. जीवनसत्त्व हा शब्दही तेव्हा जन्माला यायचा होता, पण या माणसानं रोगाशेजारी जेवण लिहून ठेवलं. पुस्तक छापून आलं ते बुवा गेल्यावर. नवऱ्याला या शेवटच्या गोष्टीचं फार अप्रूप. मला त्यात त्याच्या स्वतःच्या पुस्तकाची सोय दिसत होती.

चार वाक्यांचं त्यानं तीन वर्षांत सव्वादोनशे पानांचं बाड केलं. दर शनिवारी दुपारी आमच्याकडे वाचन. यायची सहा-सात माणसं, सगळी आपली मराठी, कुणी आयटीतली, कुणी फायनान्समधली. ती वाचनाला येत होती असा नवऱ्याचा समज होता. मी साबुदाण्याचे वडे करत होते हे त्याच्या लक्षातच आलं नाही. एका शनिवारी साबुदाणा भिजला नाही म्हणून मी नुसता चिवडा ठेवला, तर पुढच्या वेळी दोन माणसं कमी. तिसऱ्या शनिवारी वडे झाले, दोघंही हजर, आणि एकानं तर विचारलं, "काय मग, मक्याचं काय झालं पुढे?"

नवरा मात्र रंगात यायचा. चष्मा कपाळावर चढवून, बोट वर करून सांगायचा, "एकच प्रश्न! तुम्ही काय खाता? सगळं वैद्यक त्या एका प्रश्नात आहे." हा प्रश्न त्यानं आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीवाल्या अंकललाही ऐकवला होता. तो बिचारा म्हणाला, मी काय खातो ते सोड, तू काय घेणार ते सांग.

आता आमच्या घरातला एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. लग्न होऊन मी सिंगापूरला आले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात, पहिला घास घेऊन नवरा म्हणाला, "आईच्या आमटीत गूळ जरा जास्त असतो." एवढंच. मी गॅस बंद केला, लिफ्टनं खाली गेले आणि व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, सिमेंटच्या बाकावर दीड तास बसून राहिले. शेजारी दोन चिनी म्हातारे पट मांडून खेळत होते. त्यातल्या एकानं माझं तोंड पाहिलं आणि एक संत्रं पुढे केलं. मी ते सोलून खाल्लं आणि वर आले. भांडी घासलेली होती, नवरा स्वयंपाकघरात उभाच होता.

तेव्हा मी त्याला नियम सांगितला. माझ्या वडिलांच्या घरचाच होता तो, मी फक्त विमानातून घेऊन आले. पानात पडेल ते मुकाट्यानं खायचं. अन्नाला नावं ठेवायची नाहीत. नको असेल तर कमी खा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. आमच्याकडे एकदा खिरीत साखरेच्या जागी मीठ पडलं होतं आणि वडील अख्खी वाटी संपवून शांतपणे उठले होते. आईला ते कळलं स्वतः जेवायला बसल्यावर. ही गोष्ट मी आयुष्यभर मोठ्या अभिमानानं सांगत आले.

बँकेतला माणूस, नियम म्हटला की त्याला बरंच वाटतं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत आमच्या टेबलावर मीठ कमी झालं नाही, तिखट जास्त झालं नाही, काहीही करपलं नाही. म्हणजे झालं असणार, पण कुणी बोललं नाही. मुलगीसुद्धा शाळेच्या कॅन्टीनला नावं ठेवायची आणि घरी मान खाली घालून जेवायची. मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांच्या जिभांच्या तक्रारी करायच्या तेव्हा मी मिजाशीत म्हणायचे, "आमच्याकडे नाही बाई तसलं काही."

तर गेल्या वर्षी नवरा फार सावकाश जेवायला लागला. घास तोंडात घेऊन बसायचा. मधेच पाणी प्यायचा. ताकाची वाटी तशीच राहायला लागली. मी म्हटलं, प्रकरण लांबलंय, बुवा डोक्यात बसलेत. दुपारी मी ऑफिसात असते, त्याचा डबा भरून ठेवते, संध्याकाळी डबा लख्ख घासून ठेवलेला असायचा. माझी काय तक्रार असणार? उलट कौतुकच. पोट जरा आत गेलं होतं, तर मी त्याला म्हटलंसुद्धा, "चरित्र तुला मानवलं हो!"

मग एक दिवस हा एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरून घरी आला आणि दारात चपला काढताना याच्या लक्षात आलं की काढायला एकच आहे. दुसरी कुठे तरी स्टेशनच्या जिन्यावर राहिली होती. ती निसटल्याचं, उघड्या पायानं अर्धा मैल चालल्याचं याला पत्ताच नाही! मी हसून हसून भिंत धरली. शनिवारी सगळ्यांना सांगितलं, नक्कल करून सांगितलं, एका पायात चप्पल घालून हॉलभर चालून दाखवलं. लोक लोटपोट. "आता तू खरा लेखक झालास," म्हणून त्यांनी याची पाठ थोपटली. तोही हसला. त्या हसण्याची आठवण आली की मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्याच शनिवारचं आणखी एक आहे. त्यानं सातवं प्रकरण वाचलं. त्यात त्यानं एक तर्क लिहिला होता, आणि पुरावा नाही हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. हे शेतकरी कातडीचं दुखणं सांगत, पण जेवणाबद्दल आपणहून बोलत नसावेत. कारण घरात मक्याशिवाय दुसरं नव्हतं, आणि त्या भाकरीबद्दल बोलणं म्हणजे ती भाजणारीला लाज आणणं. मी तेव्हा कढईपाशी होते. अर्धं तेलाच्या आवाजात गेलं, अर्धं ऐकलं आणि तिथूनच ओरडले, "अरे, वडे गार होतायत, आधी खाऊन घ्या, मग रडा!" सगळे उठले. नवऱ्यानं वही मिटली आणि वडा घेतला. चांगला झणझणीत, हिरव्या मिरचीचा, कढईतून काढलेला. त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. मी म्हटलं, "बघा, स्वतःच्याच लिखाणावर भारावलाय!"

पुढच्या महिन्यात तो ईस्ट कोस्टला पडला. समुद्राकाठच्या सपाट वाटेवर, उभ्या उभ्या, कुणी धक्का दिलेला नसताना. "रस्ता खालीवर आहे," म्हणाला. या देशात रस्ता खालीवर! तसा असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी टोप्या घातलेली चार माणसं येऊन रंधा मारून गेली असती. गुडघा सोलला होता आणि पायाच्या अंगठ्याचं नख अर्धं उलटलं होतं. नखाचं मलाच आधी दिसलं. त्याला नव्हतं कळलं. मी मुलीला फोन केला. मुलगी आली, तिनं एकदाच दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पॉलिक्लिनिक. नाऊ."

डॉक्टर मुलीच्याच वयाची, चिनी, केस वर बांधलेले, दमलेली. तिनं याच्या तळव्याला कापूस लावला, थरथरणारा, चिमट्यासारखा धातूचा काटा टेकवला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटल्यावर हा असा झुलायला लागला की मी धावले. मग ती खुर्चीत बसली आणि विचारलं, "अंकल, तुम्ही काय खाता?"

देवा! ज्या प्रश्नावर आमच्या घरात तीन वर्षं तेल आणि साबुदाणा खर्च झाला, तो प्रश्न त्या मुलीनं वर न बघता विचारला. नवरा म्हणाला, "सगळं." मी पुढे सरसावले आणि वाढायलाच बसल्यासारखं सांगितलं, वरण, भात, पोळी, दोन भाज्या, कोशिंबीर, ताक. अंडं-मांस नाही, पण बाकी अगदी चौरस. ती म्हणाली, "आंटी, अंकलना बोलू द्या." मग त्याला म्हणाली, "जीभ बाहेर."

अठ्ठावीस वर्षांत मी त्या जिभेची एक तक्रार ऐकली नव्हती, आणि ती जीभ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. लालभडक आणि पुसलेल्या पाटीसारखी गुळगुळीत. कडेला चिरा. "किती दिवस आग होतेय?" डॉक्टरनं विचारलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, वर्गात मुलगा बाईंकडे बघतो तसं. मग म्हणाला, "आठ महिने."

मग एकेक बाहेर आलं. आमटी झोंबायची. ताक झोंबायचं, म्हणून ताक बंद. दुधाच्या चहानं पित्त होतं म्हणून कोरी कॉफी. डब्यातलं दुपारी कचरा खाली टाकायच्या नळातून जायचं, आणि हा खाली कॉफीवाल्या अंकलकडे बसून कोऱ्या कॉफीत पांढरा पाव बुडवून खायचा. आठ महिने! मक्यावर जगणाऱ्यांचं चरित्र लिहिणारा माणूस पावावर जगत होता. जोडीला मधुमेहाची गोळी कित्येक वर्षं, पित्ताची गोळी त्याहून जुनी. डॉक्टर म्हणाली, या गोळ्या बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व शोषूच देत नाहीत नीट, आणि तुमच्या जेवणात ते मुळातच जेमतेम. जे काय येत होतं ते दूध-ताकातून, आणि तेही तुम्ही सोडलंत. त्यामुळे जीभ, त्यामुळेच पाय.

"अरे, मग बोलला का नाहीस?" मी मराठीत ओरडले. बाहेरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अन्नाला नावं ठेवायची नाहीत ना आपल्यात."

मला आधी काय झालं ते खरं सांगू? मला राग आला. कुपोषण? आमच्या घरात? जिथे फ्रिजचं दार पायानं ढकलल्याशिवाय लागत नाही, जिथे तीन तऱ्हेची लोणची नि दोन डबे मेतकूट असतं, त्या घरातला माणूस कुपोषित? लोक काय म्हणतील, हेसुद्धा मनात आलं. आणि नवरा, शहाण्यांचा शहाणा, तिथेही खुललाच. त्या दमलेल्या मुलीला सांगायला लागला की हा प्रश्न पूर्वी कुणी विचारला होता, कुठल्या मुलखात, काय काय झालं. तिनं कीबोर्डवरचे हात थांबवून ऐकलं. मग म्हणाली, "चांगलाच प्रश्न आहे, अंकल. पण त्याचे पेशंट त्याला खरं सांगायचे का?"

सव्वादोनशे पानांत याचा एक तर्क होता, उत्तर नव्हतं.

"इंजेक्शनं देऊ," डॉक्टर म्हणाली. "जीभ लवकर बरी होईल. पायांचं सांगता येत नाही. काही परत येईल, काही कदाचित नाही येणार. लवकर यायला हवं होतं." रोज पाय बघा, असंही सांगितलं, कारण जाणीव नसली की जखम झालेली कळत नाही आणि चिघळते. घरी येताना एमआरटीत मी त्याचा हात धरून बसले. लग्नानंतर आम्ही असे कधी बसलो होतो, मला आठवेना. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. हा माणूस उद्या काठी घेऊन चालेल, परवा कदाचित तेही नाही, आणि हे सगळं माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत झालं.

लोकांना आम्ही "जरा अशक्तपणा" म्हणून सांगितलं. शनिवारची वाचनं बंद केली, तर वड्यांची चौकशी करणारे तीन निरोप आले, पायांची करणारा एक. जीभ खरंच भराभर सुधारली. ताक सुरू झालं. आणि मी त्याच आठवड्यात टेबलाशी उभी राहून जाहीर केलं, नियम रद्द. आजपासून या घरात अन्नाला वाट्टेल ती नावं ठेवायची. मीठ कमी, तिखट जास्त, करपलं, कच्चं, जे असेल ते बोलायचं. नवऱ्यानं मान डोलावली.

"मग कसं झालंय?" मी विचारलं.

"छान," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी छान. महिनाभर छान. कारल्याची भाजी छान, फसलेला शिरा छान. शेवटी एका सकाळी मी मुद्दाम उपम्यात मीठ घातलंच नाही, लिंबूही नाही, आणि वाढला. माझाच घास मला गिळवेना. त्यानं शांतपणे ताटली संपवली. "कसा झालाय? खरं सांग हं, तुला माझी शपथ." त्यानं तोंड पुसलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "मस्त झालाय. मऊ." मी कपाळावर हात मारला, पण मनात कुठे तरी काहीतरी टोचलं.

पायांची तपासणी आम्ही रोज सकाळी करतो, मी ऑफिसला निघायच्या आधी. तो सोफ्यावर पाय लांब करून माझ्या मांडीवर ठेवतो आणि डोळे मिटतो. मी आधी जखम आहे का ते बघते, मग बोटाबोटाला कापूस लावून विचारते. पहिले दोन आठवडे तो नाही म्हणायचा. मग हळूहळू हो यायला लागलं. आधी टाचेला, मग चवड्याला, मग करंगळीलाही. मी मुलीला रोज फोन करून सांगत होते, "आज आणखी एका बोटाला आलं गं!" ती रडली होती एकदा. मी देवापुढे साखर ठेवली होती.

त्या उपम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाय मांडीवर घेतले. त्यानं डोळे मिटले. मी कापूस उचलला आणि हात तसाच हवेत धरला.

"अंगठ्याला लागतंय?" मी विचारलं.

त्यानं नीट विचार केल्यासारखं केलं. "हो," म्हणाला.

"आणि आता?"

"आता तर पुष्कळच लागतंय," तो म्हणाला, आणि मला बरं वाटावं म्हणून जरासा हसलाही.

कापूस माझ्या चिमटीत होता. मी त्याच्या पायाला अजून लावलाच नव्हता.